बागेच्या आरक्षणाचाही अनुशेष भरा!

आरक्षण हा शब्द उच्चारला की आपल्या समाजाला बिंदूनामावली आठवते, महाविद्यालयातील प्रवेश आठवतात, राखीव मतदारसंघ आठवतात. परंतु या देशाच्या कायद्यात आणखी एक आरक्षण आहे आणि त्याकडे आपल्या चळवळीने म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही. ते आरक्षण जमिनीचे आहे. प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी, खेळाच्या मैदानासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी भूखंड आरक्षित केलेले असतात. नोकरीतील राखीव जागा वर्षानुवर्षे भरायच्या नाहीत आणि मग 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असे सांगून त्या खुल्या करायच्या, हा डाव आपण चांगला ओळखतो. त्याला आपण अनुशेष म्हणतो, त्यासाठी मोर्चे काढतो. नेमका तोच डाव बागेच्या भूखंडाबाबत खेळला जातो तेव्हा मात्र आपण गप्प बसतो. कारण बाग ही आपली गोष्टच नाही, असे आपल्याला वाटत आले आहे.

काही महिन्यांपूर्वी महानगराला खेटून असलेल्या एका शहरातील आपल्या वस्तीच्या महिला मंडळातील भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांची मागणी साधी होती. रस्त्यावर गतिरोधक बसवून मिळावा म्हणून महानगरपालिकेला अर्ज लिहून द्या. वस्तीतील नऊ वर्षांचा मुलगा रस्त्यावर क्रिकेट खेळत होता आणि मागे येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली त्याचा पाय सापडला. पाय वाचला, पण मुलगा अजून लंगडतो. "वकीलसाहेब, पोरांनी रस्त्यावर खेळू नये हे आम्हाला कळतं. पण मग खेळायचं कुठं?" असे त्या माउलीने विचारले. अर्ज लिहिण्यापूर्वी आम्ही त्या भागाचा विकास आराखडा काढला. वस्तीला लागूनच सुमारे एक एकराचा खाजगी भूखंड आहे. आज तेथे भंगार गाड्या आणि रेतीचे ढीग आहेत, एका कोपऱ्यात चाळीस झोपड्या आहेत. नकाशात मात्र तो भूखंड हिरव्या रंगाचा आहे आणि त्यावर शब्द आहे : उद्यान. ज्या मुलाचा पाय रस्त्यावर गेला, त्याच्या हक्काची बाग त्याच्या दारापासून पन्नास पावलांवर होती आणि हे वस्तीत कोणालाही ठाऊक नव्हते!

माहितीच्या अधिकारात कागद मागवले तेव्हा पुढचा प्रकार उघडकीस आला. जमीनमालकाने महानगरपालिकेला खरेदी सूचना दिलेली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला अशी सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलेही उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, ती टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. कार्यालयांनी आपसात पत्रव्यवहार केला म्हणजे पाऊल उचलले असे होत नाही, भूसंपादनाच्या दिशेने ठोस पाऊल हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सांगितलेले आहे. आमच्या प्रकरणात २४ पैकी १७ महिने संपले होते आणि संचिकेत पत्रव्यवहाराखेरीज काही नव्हते. मालकाने कायद्याने दिलेला हक्क वापरला, त्याला आम्ही दोष देत नाही. झोपी गेलेल्या प्रशासनाला मात्र जाब विचारलाच पाहिजे, आणि तो विचारणारे लोक वस्तीतूनच उभे राहिले पाहिजेत.

या ठिकाणी आम्हाला महाडची आठवण होते. चवदार तळ्याचा संगर आपण दरवर्षी २० मार्चला स्मरतो. परंतु त्यातील कागदपत्रांचा इतिहास आपण पुरेसा वाचत नाही. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे तीन वर्षे आपलेच होते! पण एकाही अस्पृश्याला तेथे ओंजळ भरता आली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंच्या संगतीने चालत तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. पुढे काय झाले? सनातन्यांच्या दबावाखाली नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठरावच मागे घेतला. आजच्या भाषेत सांगायचे तर आरक्षण उठविले. डिसेंबरमध्ये प्रतिपक्ष दिवाणी न्यायालयात गेला आणि तळे सार्वजनिक नसून खाजगी आहे असा दावा लावला. त्याच महिन्यात भरणाऱ्या परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम बांधवाने आपली जागा दिली. खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

सार्वजनिक की खाजगी, हा प्रश्न अशा रीतीने आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे. पाण्याच्या जागी आज जमीन आली आहे एवढाच फरक. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याच रांगेत सार्वजनिक राबत्याच्या जागा घातलेल्या आहेत. सरकारी पैशातून राखलेली बाग, मैदान, तलावाकाठची पायवाट त्या शब्दांत येते. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्येही अशा जागा आहेत. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने गावाच्या सामाईक साधनसंपत्तीचा इतरांच्या बरोबरीने वापर करण्यास अडथळा आणणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरविला. त्यामुळे बागेच्या फाटकावरचा रखवालदार वस्तीतील पोरांना हाकलतो, तेव्हा तो घटनेच्या एका शब्दाला हाकलत असतो हे ध्यानी घ्यावे. आणि असे हाकलणे काल्पनिक नाही. महानगरपालिकेच्या बागा व मैदाने देखभालीच्या नावाखाली संस्था-क्लबांना दत्तक देण्याची पद्धत मुंबईने पाहिली आहे. २०१६ साली त्याच धर्तीच्या धोरणाविरुद्ध नागरिकांनी इतका आवाज उठविला की राज्य सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली.

आपण किती गमावले याचा हिशेब गिरणगावात आहे. मुंबईतील ५८ गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. या गिरण्यांत आपला माणूस राबला. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, म्हणून त्याला जास्त पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तो कमी पगाराच्या खात्यांत मरमर राबला. गिरण्या बंद पडल्या तेव्हा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने सांगितले की जमीन विकासासाठी काढल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ साली हा नियम असा बदलला गेला की ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्यापुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातूनच गळाली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जनतेच्या बाजूने कौल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरवला. आज तेथे मॉल आणि टोलेजंग इमारती आहेत. एका 'दुरुस्ती'ने शेकडो एकरांची बाग गिळली आणि चळवळीला ढेकरही ऐकू आला नाही!

याच गिरणगावाच्या जमिनीपैकी दादरच्या इंदू मिलची सुमारे साडेबारा एकर जमीन बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळाली. ती कशी मिळाली? ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिक आत जाऊन बसले, म्हणून मिळाली. नागपुरात १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाच्या खोदकामाविरुद्ध हजारो लोक धावून गेले आणि काम थांबवावे लागले. जमीन राखता येते हे आपल्याला ठाऊक आहे. श्रद्धेच्या जागेसाठी आपण जे करतो, ते पोरांच्या मैदानासाठी का करीत नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, ज्याला राहायला घर नाही त्याला बाग कशाला सांगता? प्रामाणिकपणे कबूल करतो, आम्हीही अनेक वर्षे हेच म्हणत आलो. आधी घर, मग बाग, असे आम्ही सभांतून ठणकावून सांगितले आहे. आज आम्हाला वाटते की घर की बाग हा पेच प्रस्थापितांनी आपल्यापुढे टाकला आणि आपण तो मुकाट्याने स्वीकारला. उच्चभ्रू वस्तीतील माणसाला कोणी विचारते का, की तुला घर हवे की बाग? त्याला दोन्ही मिळतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईत ती जेमतेम सव्वा चौरस मीटर भरते असे सांगितले जाते. शिवाय हा सरासरीचा आकडा आहे. गोवंडी, मानखुर्द, धारावीच्या वाट्याला त्यातले किती येत असेल याचा विचार करावा.

२०२४ या एकाच वर्षातील दोन निर्णय पाहा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची सुमारे १२० एकर जमीन आणि किनारी रस्त्यासाठी भराव टाकून तयार झालेली सुमारे १७५ एकर जमीन एकत्र करून भव्य मध्यवर्ती उद्यान करायचे ठरले. त्याच वर्षी धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी देवनारच्या कचराभूमीची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचा निर्णय झाला. १९२७ साली, म्हणजे महाडच्याच वर्षी, जेथे मुंबईने कचरा टाकायला सुरुवात केली ती ही जमीन. महालक्ष्मीच्या उद्यानाला आमचा विरोध नाही. ते व्हावे, विनामूल्य असावे, त्याच्या फाटकावर कपडे पाहून कोणाला अडवू नये. परंतु एकाला तीनशे एकरांची हिरवळ आणि दुसऱ्याला कचऱ्याचा डोंगर, हे नियोजन कोणत्या स्मृतीतून आले हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मोकळ्या जागेवरच्या झोपड्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापुढेही आला होता. मुंबईच्या नियमावलीप्रमाणे बाग-मैदानासाठी आरक्षित जागेवर झोपड्या असतील, तर तेथे पुनर्वसनाची इमारत बांधता येते आणि किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. पर्यावरणवादी संस्थेने या नियमाला आव्हान दिले. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. झोपडीवासीयाचे घर वाचले याचा आम्हाला आनंद आहे. मात्र उरलेल्या ३५ टक्क्यांचे काय होते, हे वस्तीनेच पाहिले पाहिजे. दोन इमारतींमधील बोळ, गाड्या लावायची फरसबंदी, पाण्याच्या टाकीवरचा स्लॅब यांनाच 'मोकळी जागा' म्हणून नकाशात रंगविले जाते. ती जागा सलग हवी, जमिनीवर हवी आणि तिचे फाटक रस्त्याकडे, सर्वांना उघडे हवे, असा आग्रह पुनर्वसनाच्या करारावर सही करण्यापूर्वीच धरला पाहिजे.

खेड्यातही हाच पेच आहे, तेथे त्याचे नाव गायरान. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह लढविले, त्यातून पडीक व गायरान जमिनीवर आपल्या माणसाने नांगर धरला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची व भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले, आणि त्याचीही अंमलबजावणी अर्धवट राहिली. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी व तळी मोकळी करण्याचा आदेश दिला. ते प्रकरण पंजाबातील एका गावच्या तळ्याचे होते, धनदांडग्यांनी त्यात भराव टाकला होता. निकाल योग्यच आहे. पण त्याच निकालात अपवादही नमूद आहे. शासनाच्या निर्णयाने भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेली जमीन नियमित करता येते असे तो सांगतो. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सारे निकालाचा पहिला भाग वाचतात आणि अपवादाच्या परिच्छेदापाशी आले की त्यांचा चष्मा हरवतो! निसर्ग राखायचा म्हणजे प्रथम महाराचे, मांगाचे, पारध्याचे पीक उपटायचे, असा अर्थ लावणाऱ्यांना आपण कायद्यानेच उत्तर दिले पाहिजे.

लोकांना हुसकावल्याखेरीज जमीन राखता येत नाही, हेही खोटे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायदा, २००६ खाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे निर्णय ग्रामसभा घेते. जंगल उभे आहे आणि माणसेही उभी आहेत. सरकारी नोकरांच्या पहाऱ्यापेक्षा ज्याचे पोट त्या जमिनीवर आहे त्याचा पहारा अधिक जागता असतो.

आता थोडे आपल्या घरातले. आपल्याच वस्त्यांत मोकळा भूखंड दिसला की कार्यकर्त्यांची नजर तिकडे वळते. आमदार निधीतून समाजमंदिर बांधले जाते, उद्घाटनाची कोनशिला बसते आणि वर्षातून तीन-चार दिवस सोडले तर त्याला कुलूप असते. कुलपाची किल्ली कोणाकडे असते हे सर्वांना माहीत आहे. बाबासाहेबांच्या नावाने सार्वजनिक जागेला कुलूप लावणे हा चवदार तळ्याचा अपमान आहे, हे कटू असले तरी आम्हाला लिहावेच लागेल. बौद्ध परंपरेला तर उघडी वनराई नवीन नाही. सिद्धार्थाचा जन्म लुंबिनीच्या वनात झाला. बिंबिसाराने संघाला वेळुवन दिले, अनाथपिंडिकाने जेतवन दिले. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेने वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, आणि त्या माणसांसाठी व जनावरांसाठी आहेत असे शिलास्तंभावर कोरून ठेवले. विहाराभोवती झाडे असावीत, म्हाताऱ्यांना बसायला पार असावा, मुलींना पळायला जागा असावी, ही आपली परंपरा आहे. भिंतीला भिंत लावून केलेले काँक्रीट आपण दुसऱ्यांकडून उचलले.

कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले, आपल्या प्रभागाच्या विकास आराखड्याची प्रत मिळवून ती विहारात लावावी. कोणता भूखंड कशासाठी आरक्षित आहे हे वस्तीतील दहावीच्या मुलीला वाचता आले पाहिजे. दुसरे, प्रत्येक आरक्षित भूखंडाबाबत माहितीच्या अधिकारात तीनच प्रश्न विचारावेत : ताबा कोणाकडे आहे, कलम १२७ ची सूचना आली आहे काय, आली असल्यास तारीख कोणती. तिसरे, आराखड्यात फेरबदल करताना कायद्याने जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते आणि मुदत संपल्यावर आपण मोर्चा काढतो. एका कार्यकर्त्याने एवढ्या सूचना वाचण्याचेच काम घ्यावे. चौथे, न्यायालयात जायला घाबरू नये. बंगळूरमधील बागेची जागा खाजगी ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली गेली तेव्हा शेजारचे रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केले. रहिवाशाला बागेसाठी दाद मागण्याचा अधिकार आहे हे त्या निकालाने पक्के झाले. आणि पाचवे, झोपडीवासीयांना वगळून बागेची मागणी कदापि करू नये.

हे पाचवे आम्ही त्या वस्तीतच शिकलो. भूखंडाची हकिगत सांगायला सभा घेतली तेव्हा कोपऱ्यातील झोपड्यांतून एक आजी उठून म्हणाल्या, "तुमच्या बागेपायी आमची पालं उठणार, मग आम्ही कुठं जायचं?" सभा शांत झाली. आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. त्या रात्री बाराच्या पुढे बैठक चालली. शेवटी ठरले की अर्ज एकच करायचा आणि त्यात दोन्ही मागण्या एकाच परिच्छेदात लिहायच्या : चाळीस कुटुंबांचे पुनर्वसन त्याच प्रभागात आधी करावे आणि भूखंड संपादित करून त्यावर उद्यान करावे. एक मागणी मान्य करून दुसरी फेटाळता येऊ नये म्हणून. आज त्या अर्जावर वस्तीतील साडेतीनशे सह्या आहेत. चाळीस झोपड्यांपैकी एकतीस कुटुंबांनी सही केली आहे. उरलेल्या नऊ जणांचा अजून विश्वास बसलेला नाही, आणि आजवरचा अनुभव पाहता त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. आजींनी मात्र अंगठा न लावता सही केली, प्रौढ शिक्षण वर्गात शिकलेली.

गतिरोधकाचा अर्जही आम्ही दिला आहे, तो मंजूर झाला आहे. बागेच्या अर्जावर उत्तर नाही. सात महिन्यांपैकी तीन गेले, चार उरले आहेत. महानगरपालिकेने पाऊल न उचलल्यास आम्ही उच्च न्यायालयात जाणार आहोत आणि याचिकेत पहिले नाव त्या मुलाच्या आईचे असेल. आपल्या वस्तीशेजारच्या भूखंडाची मुदत किती उरली आहे, हे वाचकांनी याच आठवड्यात प्रभाग कार्यालयात जाऊन विचारावे.

जय भीम!